गोळी तीच, मी बी तोच

ॲबल नावाच्या प्रथिनाचं एक चित्र माझ्या लॅपटॉपवर जवळजवळ कायम उघडं असतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी आलेलं माणूस हमखास विचारतं, हे कसलं गुंतवळ? दिसतं तसंच. फिती, वेटोळी, मधे एक चिंचोळी फट आणि त्या फटीत आडवा शिरलेला एक रेणू. तो रेणू म्हणजे इमॅटिनिब. ज्यांच्या घरात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचा, म्हणजे सीएमएलचा पेशंट आहे त्यांना हे नाव तोंडपाठ असतं. रोज जेवणासोबत, मोठ्या पेल्याभर पाण्याबरोबर घ्यायची ४०० मिलिग्रॅमची गोळी.

कागल तालुक्यातले माझे मामा ती गोळी कैक वर्षं घेत होते. ऊस, दोन म्हशी, सोसायटीचं राजकारण, सगळं नीट चाललेलं. मग दर तीन महिन्यांनी होणाऱ्या रक्ततपासणीत आजाराचा आकडा वर सरकायला लागला. मुंबईला दाखवलं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी दादरला उतरायचं, परळ गाठायचं. आमच्याकडच्या किती घरांना हा प्रवास सवयीचा झाला आहे, ते त्या गाडीत एकदा फायलींच्या पिशव्या बघितल्या की कळतं. डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करायला सांगितली. तिचा कागद घेऊन मामा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पोरी, गोळी तीच, मी बी तोच. मग बिघाडलं कुठं?"

या प्रश्नाला नेमकं उत्तर आहे. कोणत्या प्रथिनात, कितव्या जागी, काय बदललं, हे बोट ठेवून दाखवता येतं. कर्करोगात असं बोट ठेवता येणं ही साधी गोष्ट नाही. त्यासाठी आधी त्या प्रथिनाचं रूप कुणीतरी डोळ्यांनी बघावं लागतं, आणि ते बघण्याची खात्रीची वाट अनेक दशकं एकच होती: प्रथिनाचे स्फटिक.

काइनेज ही एन्झाइमांची एक जात आहे. एटीपी या रेणूवर तीन फॉस्फेट असतात. त्यातला शेवटचा काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर नेऊन चिकटवायचा, एवढंच तिचं काम. पण त्या एका फॉस्फेटनं ते दुसरं प्रथिन कामाला लागतं किंवा थांबतं, आणि पेशीत हुकूम फिरतो: वाढ, दुभंग, थांब. माणसाच्या जनुकांमध्ये अशा ५१८ काइनेजांची मोजदाद २००२ मध्ये झाली. सीएमएलमध्ये नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा बुटकं गुणसूत्र दिसलं होतं. ते बुटकं का, तर तुकडे बदलले गेले म्हणून, हे १९७३ मध्ये शिकागोत जॅनेट राउली यांनी ओळखलं. या अदलाबदलीत ॲबल काइनेजचं जनुक बीसीआर नावाच्या जनुकाला जोडलं जातं. त्यातून जे जोडप्रथिन तयार होतं ते थांबायचं विसरतं, आणि पांढऱ्या पेशी वाढतच राहतात.

मग औषध कुठं घालायचं? जिथं एटीपी येऊन बसतो त्या फटीत. तिथं दुसरं काही आधीच जाऊन बसलं की एटीपीला जागा नाही आणि काइनेज बंद. ऐकायला सोपं आहे, पण १९८० च्या दशकात बहुतेक जाणकारांना हे होण्यातलं वाटत नव्हतं. शेकडो काइनेज, सगळ्यांना लागतो तो एटीपीच, म्हणजे फटही सगळ्यांची एकसारखीच असणार. एकाला बंद करायला जावं तर शरीरातली सगळीच बंद पडतील. हा अंदाज होता. फट प्रत्यक्षात कशी असते हे तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. काइनेजचं पहिलं रूप सान दिएगोतल्या सुझन टेलर यांच्या गटानं १९९१ मध्ये दाखवलं. दोन खंड, वरचा लहान, खालचा मोठा, दोन्हींना जोडणारा एक बारीक पट्टा आणि मधे फट. नंतर जितकी काइनेज पाहिली गेली, त्या सगळ्यांची ठेवण हीच निघाली.

आता स्फटिकांबद्दल. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हेच काम केलं, त्यामुळं इथं थोडी रेंगाळणार आहे.

गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला स्फटिक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. काकवी बाटलीत भरून ठेवली की काही महिन्यांनी तळाशी साखरेचे खडे धरतात. विकायच्या काकवीला ते चालत नाहीत, म्हणून ती करताना थोडं सायट्रिक ॲसिड घालतात. खडे धरायला दोन गोष्टी लागतात: पाक पुरेसा दाट असावा, आणि त्याला कुणी हलवू नये. प्रथिनाचंही तसंच, फक्त आम्हाला ते खडे हवे असतात आणि प्रथिन साखरेइतकं समजूतदार नसतं. साखरेचा रेणू लहान आणि ताठ. प्रथिनाचा हजारो अणूंचा, त्याचे काही भाग सतत हलणारे. असे रेणू एकाला एक लागून, सगळे एकाच बाजूला तोंड करून रचले जायला हवेत.

त्याची रीत अशी. काचेच्या चकतीवर शुद्ध प्रथिनाचा एक मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा, म्हणजे टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडासाच मोठा. त्यात तेवढंच पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण मिसळायचं. चकती उलटी करून त्याच द्रावणानं भरलेल्या खळग्यावर टेकवायची आणि कडेनं ग्रीस लावून हवाबंद करायची. थेंब वरून लटकत राहतो. खालचं द्रावण दाट, थेंबातलं पातळ, म्हणून थेंबातलं पाणी वाफेच्या वाटेनं हळूहळू खाली जातं आणि प्रथिन दाटत जातं. एका प्लेटमध्ये असे २४ खळगे, प्रत्येकात आम्लता थोडी वेगळी, क्षार वेगळा, दाटपणा वेगळा. मग थांबायचं. कधी दोन दिवसांत खडे दिसतात, कधी दोन महिन्यांत, पुष्कळदा कधीच नाही. बहुतेक थेंबांत तपकिरी साका होऊन बसतो. कधी सूक्ष्मदर्शकाखाली लखलखीत धारदार खडे दिसतात, सगळी लॅब गोळा होते, आणि ते मिठाचे निघतात. ओळखायची साधी खूण म्हणजे सुईचं टोक लावून बघायचं. मीठ कडक, कट्कन तुटतं. प्रथिनाचा खडा मऊ असतो, हात लागताच चुरतो, कारण त्याच्या आत जवळजवळ निम्मं पाणीच असतं. असा मऊ चुरलेला खडा बघून आनंद होतो, हे बाहेरच्या माणसाला पटवणं अवघड आहे.

काइनेजचा त्रास याहून आधी सुरू होतो. हवं ते प्रथिन बनवून घ्यायचं तर ते सहसा ई. कोलाय जिवाणूकडून करून घेतात. पण ॲबल चालू स्थितीत जिवाणूच्या पोटात तयार झालं की ते त्याच्याच प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवत सुटतं आणि जिवाणू ते सोसू शकत नाही. म्हणून कीटकांच्या पेशी वापरा, नाहीतर जिवाणूत फॉस्फेट काढून टाकणारं दुसरं एन्झाइम सोबत घाला, अशा वाटा शोधाव्या लागल्या.

खडा मिळाला की नायलॉनच्या बारीक फासात तो उचलून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात आणि क्ष-किरणांसमोर धरतात. एकटा रेणू क्ष-किरणांना पुरत नाही, पण एकाच ठेवणीत रचलेले अब्जावधी रेणू मिळून किरणांना ठरावीक दिशांनी फेकतात आणि पडद्यावर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून आतली रचना काढता येते, हे ब्रॅग पितापुत्रांनी दाखवलं. १९१५ चं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा मुलगा पंचविशीत होता. आज हे काम मोठ्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर चालतं. आपल्याकडं इंदूरच्या इंडस-२ वर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी वेगळी सोय आहे. ठिपक्यांवरून गणितानं इलेक्ट्रॉनांचा ढग मिळतो, ढगात अणू बसवत जायचे. बसवलेली साखळी वळायला नको तिथं वळली आहे का, हे जगभर ज्या आलेखावर तपासतात तो मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांचा, १९६३ चा. आपल्याकडं जन्मलेली एक गोष्ट जगातल्या प्रत्येक प्रथिनाच्या रचनेला लावून बघितली जाते, याचा मला आजही अभिमान वाटतो, आणि वर्गात मी तो लपवत नाही.

लोक समजतात की आधी चित्र मिळतं आणि मग चित्र बघून औषध करतात. इमॅटिनिबचं उलट झालं. बाझलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लिडन, युर्ग झिमरमन, एलिझाबेथ बुखडुंगर ही मंडळी आधी प्रोटीन काइनेज सी या वेगळ्याच काइनेजच्या मागे होती. हाताशी एक साधा रेणू होता, फिनिलॲमिनोपिरिमिडीन जातीचा. त्याला एका बाजूला अमाइडचा गट जोडला तर ॲबलसारख्या टायरोसीन काइनेजांवर तो चालू लागला. एका कडीवर एकच मिथाइल गट लावला तर प्रोटीन काइनेज सी वरचा परिणाम गेला आणि ॲबलवरचा राहिला. पाण्यात विरघळेना म्हणून पायपरेझीनचं शेपूट जोडलं. एकेक जागा बदलायची, पेशींवर तपासायचं, परत बदलायचं. ओरेगॉनचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी सीएमएलचा ध्यास घेतला आणि जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला औषध दिलं. ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशी नेहमीसारख्या झाल्या. १० मे २००१ रोजी अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधी हा आजार जडलेला माणूस चार-पाच वर्षांत हाताबाहेर जायचा. या औषधावर सुरुवात केलेल्यांपैकी दहा वर्षांनी ८३ टक्के हयात होते.

चित्र आलं ते २००० साली. मद्रासमध्ये कॉलेज सुरू करून पुढं अमेरिकेत गेलेले जॉन कुरियन यांच्या गटानं ॲबलचा स्फटिक काढला, इमॅटिनिबच्या एका जवळच्या भावंडासह. आणि एक नवलाची गोष्ट दिसली. फटीच्या तोंडाशी ॲस्पार्टेट, फिनिलॲलानिन आणि ग्लायसिन अशी तीन अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी, लागोपाठ असतात. काइनेज काम करत असतं तेव्हा त्यातलं फिनिलॲलानिन आत वळलेलं असतं. इथं ते बाहेर पडलेलं होतं, आणि त्यानं रिकाम्या केलेल्या खोबणीत औषधाचा अर्धा भाग शिरला होता. म्हणजे हे औषध काम करणाऱ्या काइनेजला धरतच नाही. ते विसाव्याच्या स्थितीतलं काइनेज हेरतं आणि तिथंच अडकवून ठेवतं. चालू स्थितीत सगळी काइनेज एकसारखी दिसतात, कारण सगळ्यांना तेच काम करायचं असतं. बंद पडताना मात्र ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. सगळ्यांची फट सारखी म्हणून निवडक औषध अशक्य, असं जे म्हटलं जात होतं, त्याला उत्तर इथं सापडलं. बाझलच्या रसायनतज्ज्ञांनी ते हातांनी आधीच शोधून ठेवलं होतं. ते का लागू पडलं, हे स्फटिकानं सांगितलं.

माझ्या लॅपटॉपवरचं चित्र याच्या पुढचं आहे. प्रोटीन डेटा बँकेत त्याचा क्रमांक १आयईपी. २.१ अँगस्ट्रॉम इतकं ते स्पष्ट आहे, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. जवळ जाऊन बघितलं की औषधाला प्रथिनानं सहा ठिकाणी हायड्रोजन बंधांनी धरलेलं दिसतं. साखळीतल्या ३१८ व्या जागच्या मेथिओनीननं एक टोक धरलंय. मधल्या अमाइडला एका बाजूनं २८६ वं ग्लुटामेट, दुसऱ्या बाजूनं ३८१ वं ॲस्पार्टेट. शेपटाकडं ३६० आणि ३६१. आणि फटीच्या ऐन मध्यावर ३१५ वं थ्रिओनीन. आत जाणाऱ्या खोबणीच्या तोंडावरच ते उभं आहे, म्हणून त्या जागेला द्वारपाल म्हणतात.

या द्वारपालाशीच पहिला मोठा घात झाला. गोळीचा गुण येऊन परत आजार उलटलेल्या रुग्णांच्या पेशी चार्ल्स सॉयर्स यांच्या गटानं २००१ मध्ये तपासल्या, तर जनुकातलं एकच अक्षर बदललेलं होतं. एसीटी च्या जागी एटीटी. तेवढ्यानं ३१५ व्या थ्रिओनीनच्या जागी आयसोल्युसीन आलं. चित्रात ही अदलाबदल करून बघावी. थ्रिओनीनचा जो ऑक्सिजन औषधाला धरून होता तो गेला, हा एक तोटा. आणि त्याच्या जागी आलेला कार्बनचा गट वाटेतच आडवा येतो, हा दुसरा. एटीपीला मात्र काही अडचण नाही, तो पूर्वीसारखाच येऊन बसतो. औषध बाहेर, आणि काइनेज चालू.

मामांच्या कागदावर ३१५ नव्हतं, हे बघून मी आधी सुटकेचा श्वास सोडला. तिथं लिहिलं होतं 'वाय २५३ एच'. म्हणजे २५३ व्या जागी टायरोसीन असायचं, तिथं हिस्टिडीन आलंय. मी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. फटीच्या वरच्या बाजूला प्रथिनाचा एक वळसा असतो. इमॅटिनिब आत आल्यावर तो वाकून त्याच्यावर पांघरला जातो, आणि त्या वळशातलं २५३ वं टायरोसीन आपली चपटी कडी औषधाच्या अंगाला लावून बसतं. टायरोसीन गेलं की तो वाक नीट बसत नाही. मामांनी चष्मा वर करून बघितलं. "म्हंजे गोळी आत जातच न्हाई व्हय?"

"जाते मामा. पण वरून धरून ठेवणारं जे होतं, ते सुटलंय."

"मग दुसरी गोळी दिलीया ती?"

दुसरी गोळी डॅसॅटिनिब. २००६ मध्ये आलेली. तिच्यावर काम करणाऱ्यांत जगबंधू दास नावाचे रसायनतज्ज्ञ होते, आणि नाव त्यांच्यावरून पडलंय. तिचाही स्फटिक माझ्याकडं आहे, २जीक्यूजी. त्यात ॲबल वेगळ्या रूपात आहे, ते फिनिलॲलानिन आत वळलेलं, चालू स्थितीतलं. डॅसॅटिनिबला विसाव्याची स्थिती लागत नाही आणि तो वळसा वाकला काय, न वाकला काय, तिला फरक पडत नाही. मी दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून दाखवली. मामांना रंग कळले नसतील, नावं तर नाहीच, पण इथं टेकत होती आणि हिला टेकायची गरज नाही, एवढं त्यांना पक्कं कळलं. आपण पथ्य चुकवलं म्हणून आजार उलटला असं ते मनात धरून होते. घरातही कुणी तसं बोललं असावं. गोळ्या वेळेवर घेणं फार महत्त्वाचं असतं, पण त्यांनी त्या घेतल्या होत्या. अब्जावधी पेशी दुभंगत असताना एखाद्या पेशीत अक्षर चुकतं आणि औषधाच्या माऱ्यात तीच तेवढी टिकते. यात माणसाचा दोष नाही, आणि हे त्यांना कुणीतरी बसून सांगायला हवं होतं. डॉक्टरांच्या दारात शेदोनशे माणसं उभी असतात, त्यांना ती सवड कुठून मिळणार?

नव्या गोळीत छातीत, फुप्फुसाभोवती पाणी धरायची भीती असते, तेवढं सांभाळायला सांगितलंय. रक्ततपासणीतला आकडा खाली आला आहे.

चित्र हाती आल्यावर मात्र काम खरोखर उलट्या दिशेनं सुरू झालं. आधी रूप, मग रेणू. इमॅटिनिब कुठं घट्ट बसतं आणि कुठं सैल, हे बघून निलोटिनिब आखलं गेलं. मधले बंध तसेच ठेवले, शेपूट बदललं, आणि ते वीस-तीस पटींनी जोरकस निघालं. २००७ मध्ये ते बाजारात आलं. द्वारपाल बदललेल्या रुग्णांना मात्र ना डॅसॅटिनिब उपयोगी, ना निलोटिनिब. तिथं पोनॅटिनिबची आखणी मला फार देखणी वाटते. वाटेत आयसोल्युसीन फुगून उभं आहे, मग त्याच्या अंगाला न लागता पुढं जाईल असा भाग रेणूच्या मध्यभागी हवा. कार्बन-कार्बन तिहेरी बंध हा रसायनशास्त्रातला सगळ्यात सडपातळ आणि सरळ जोड. तोच त्यांनी तिथं घातला. २०१२ मध्ये मान्यता मिळाली. रक्तवाहिन्यांत गुठळ्या व्हायचा धोका त्यात आहे, त्यामुळं ते जपूनच देतात, पण ज्यांना दुसरं काहीच लागू पडत नव्हतं त्यांना त्यानं दार उघडून दिलं.

चित्राचं इतकं कौतुक केल्यावर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण विद्यार्थी इथं हमखास फसतात. एसआरसी नावाचं काइनेज ॲबलचं जवळचं नातेवाईक. इमॅटिनिबला ज्या अमिनो आम्लांचा स्पर्श होतो ती दोघांत जवळपास तीच. एसआरसीमध्ये इमॅटिनिब बसवून स्फटिक काढला तर चित्रही जवळजवळ तेच आलं. आणि तरी ॲबलला ते सुमारे ३००० पटींनी घट्ट धरतं. चित्रात हे दिसत नाही. ब्रँडाइस विद्यापीठात डोरोथी कर्न यांच्या गटानं बंध जुळतानाचा वेग मोजून दाखवलं की औषध आत आल्यावर प्रथिन स्वतःला आणखी एकदा वळवून घेतं, आणि हे वळणं ॲबलला जमतं तसं एसआरसीला जमत नाही. स्फटिकात प्रथिनाची एक स्थिती गोठलेली असते. आधी कुठं होतं, नंतर कुठं गेलं, त्याला किती वेळ लागला, हे त्यात नसतं. रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर अजमावणाऱ्या डॉकिंगच्या सॉफ्टवेअरनं आकडा दिला की औषध सापडलं असं समजणारे प्रबंध माझ्याकडं तपासायला येतात तेव्हा मी त्यांना आधी ही दोन चित्रं शेजारी शेजारी लावायला सांगते.

स्फटिकाचा आणखी एक खटला याच औषधावर आपल्या देशात चालला, आणि तो प्रथिनाच्या नव्हे तर औषधाच्याच स्फटिकाचा होता. इमॅटिनिब मेसिलेट, म्हणजे गोळीत असतं ते क्षाररूप, वेगवेगळ्या ठेवणीत स्फटिकरूप होतं. त्यातल्या बीटा या ठेवणीवर नोव्हार्टिसनं भारतात पेटंट मागितलं. मूळ रेणू १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, त्यावर इथं पेटंट मिळण्यासारखं नव्हतं. कंपनीची गोळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडायची, आणि आपल्या कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळायची. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं विरोध केला. २००६ मध्ये चेन्नईच्या कार्यालयानं अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी तो निकाल कायम केला. ठेवण बदलल्यानं औषध रक्तात ३० टक्के जास्त उतरतं, असा दावा होता. आजार त्यानं जास्त बरा होतो हे दाखवलं गेलेलं नाही, म्हणून नुसत्या नव्या स्फटिकाला पेटंट नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. झिमरमन आणि मंडळींची मूळ करामत थोर आहे, तिचं मोल मिळायलाच हवं. पण बीटा स्फटिक ही ती करामत नव्हे. निकाल दुसऱ्या बाजूला गेला असता तर मामांसारख्या माणसाला ती गोळी महिनाभरही घेता आली नसती. ऊसबिलातून लाख रुपये महिना कोण काढणार?

जे फुकट आहे त्याबद्दलही बोलायला हवं. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. आज दोन लाखांहून जास्त आहेत, आणि त्या कुणालाही मिळतात. पैसे लागत नाहीत, ओळखपत्र लागत नाही. मी एमएस्सी शिवाजी विद्यापीठात केली तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, आणि आज माझ्याकडं गडहिंग्लज-चंदगडहून येणारी मुलं मोबाइलवर ती रचना उघडून बोटांनी फिरवतात. बॅरलभर द्रवरूप नायट्रोजन आणि सिंक्रोट्रॉन आपल्या दारात नसेल, पण ज्यासाठी ते लागतात ते फळ सगळ्यांसाठी बाहेर ठेवलेलं आहे. त्याचा उपयोग कमी होतो याची मला खंत आहे. परीक्षेला विचारत नाहीत म्हणून काइनेजचा धडा दोन तासांत उरकला जातो.

यंदा त्या धड्यात मी ॲसिमिनिब शिकवलं. निरोगी ॲबलच्या एका टोकाला मिरिस्टिक आम्लाची, म्हणजे एका मेदाम्लाची शेपटी असते. २००३ मध्ये स्फटिकात दिसलं की ती शेपटी वळून खालच्या मोठ्या खंडातल्या एका खोल कप्प्यात शिरते आणि ॲबल त्यामुळंच आपणहून बंद राहतं. बीसीआर जोडलं जातं तेव्हा नेमकं ते टोक गळून पडतं. कप्पा तसाच, पण रिकामा. ॲसिमिनिब त्या कप्प्यात जाऊन बसतं, आणि गमावलेल्या शेपटीचं काम करतं. एटीपीच्या फटीशी त्याचा संबंधच नाही, त्यामुळं ३१५ बदलो वा २५३, त्याला अडत नाही. २०२१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

तास संपता संपता एका मुलीनं विचारलं, "मॅम, मग दोन्ही एकदम का देत नाहीत? फटीत एक, कप्प्यात एक?" दोन्ही जागा एकमेकींपासून लांब आहेत, तेव्हा दोन्ही औषधांना एकाच वेळी चुकवायचं तर एकाच पेशीत दोन वेगळे बदल एकदम व्हावे लागतील, आणि तसं होण्याची शक्यता फारच कमी. हे तिनं स्वतःच मांडलं, मी नाही. २०१७ मध्ये उंदरांवर नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध झाला: ॲसिमिनिब आणि निलोटिनिब जोडीनं दिलं, आणि औषध थांबवल्यावरही गाठी परत आल्या नाहीत. माणसांवर इमॅटिनिबसोबत ॲसिमिनिब देऊन बघणाऱ्या चाचण्याही झाल्या आहेत. मी तिला तो निबंध दिला आणि पुढच्या तासाला दोन्ही कप्पे भरलेली रचना शोधून आणायला सांगितली.